कॅल्शियम सल्फेटचं विसर्जन

आमच्या घरचा गणपती शेवटी विरघळला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. वाचलं असलंत तरी कुठे बोलू नका, कारण आमच्या घरात असं काही झालेलंच नाही. आमचं अधिकृत म्हणणं असं, की १९८६ साली आमच्या गणपतीचं विसर्जन दरवर्षीप्रमाणे गौरींबरोबर, वर्सोव्याला, यथासांग पार पडलं. कणकवलीजवळच्या आमच्या गावात सगळ्या भावकीला हेच माहीत आहे. कुणी फार खोदून विचारलं तर आई "यंदा गर्दी बरीच होती हो" एवढं म्हणते आणि भाजी चिरायला घेते. आई खोटं बोलत नाही. गर्दी खरंच होती. फक्त ती वर्सोव्याला नव्हती, आमच्या गॅलरीत होती.

तेव्हा जे घडलं नाही, ते कसं घडलं ते सांगतो.

आम्ही मरोळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. माझ्या आजोबांना सगळे नाना म्हणतात. मी म्हणतो, आई म्हणते, लवूकाका म्हणतो आणि खालचा पानवालाही म्हणतो. नाना गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. संपानंतर गिरणी गेली, पण जॉबर गेला नाही. तो आता आमच्या घरावर देखरेख करतो. पंखा कितीवर असावा, चपला कुठल्या दिशेला तोंड करून असाव्यात, डाळ शिजली की नाही, हे सगळं नाना खाटेवरून ठरवतात. बाबा इंडस्ट्रियल इस्टेटीत कायम सेकंड शिफ्टला असल्यामुळे या गोष्टीत ते नाहीत. तसे ते कुठल्याच गोष्टीत नसतात.

गणपतीच्या महिनाभर आधी नाना स्टुलावर चढले. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात: एक लाकडी चौकट, तिला नारळ, सुपाऱ्या, आंब्याचे टहाळे, रानातली फळं असं सगळं टांगायचं. ती ज्या हुकाला लटकते तो हूक गंजला असावा, असं नानांना बसल्या बसल्या वाटलं. त्यांनी चढून हूक धरून जोरात ओढून पाहिला. हूक एकदम मजबूत निघाला. स्टूल नव्हतं.

पाय मोडला. घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर बसलं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गणपती झाले की लगेच काढू. पण त्यानंतर ठेवायचं नाही हां, नाना. या वयात सांधे धरले तर काठीशिवाय चालता येणार नाही." नानांनी मान डोलावली. काठी हा शब्द ऐकल्यावर ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मूर्ती दरवर्षी नाना स्वतः आणतात. पाठीवर अंगठ्याचं नख लावून ते माती तपासतात. हे त्यांनी कुणाला शिकवलेलं नाही, कारण शिकवलं तर दुसरा कुणीतरी आणेल. यंदा लवूकाकाला पाठवावं लागलं. लवूकाका विमानतळावर लोडर आहे. जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वजन. वाकोल्याच्या एका मांडवात जाऊन त्याने ओळीनं सगळे गणपती उचलून बघितले आणि त्यातला सर्वांत हलका घेऊन आला.

"जड लागलो काय रे?" नानांनी दारातच विचारलं.

"छ्या. एका हातात आणला. तीन मजले, मधे टेकवला नाही."

नानांचा चेहरा फुलला. देव प्रसन्न असला की अंग हलकं करून घरी येतो, असं आमच्यात मानतात. नाना म्हणाले, "प्रसन्न आसा." आई म्हणाली, "चेहरा काय गोड आहे." मी म्हणालो, "झकास." पाठीवर नख कुणीच लावलं नाही.

गणपतीचे दिवस छान गेले. मग विसर्जन आलं.

इतकी वर्षं मूर्ती डोक्यावर घेऊन वर्सोव्याला पाण्यात उतरण्याचा मान नानांचा. लवूकाका म्हणाला, "यंदा मी नेतो ना."

"आणि मी काय करू? हंयसून हात हलवू?"

"मग तुम्हाला खुर्चीत बसवून नेऊ. आम्ही चौघं उचलतो."

"मी जित्तो आसंय तोवर चार माणसांच्या खांद्यार चढूचंय नाय," नाना म्हणाले, आणि तो विषय संपला.

शेवटी भटजींनी तोडगा काढला. पाणी ते पाणी. घरी स्वच्छ ड्रममध्ये विसर्जन करा, गंगाजल घाला, माती विरघळली की झाडाला घाला. नानांना पटलं. गॅलरीतला पाण्याचा निळा ड्रम आईनं चिंच लावून घासला, चिंच प्लास्टिकला लागत नाही हे माहीत असूनही. उत्तरपूजा झाली. आरती झाली. नाना ड्रमशेजारी खुर्चीत, प्लास्टरचा पाय पाटावर सरळ ठेवलेला. लवूकाकाने एका हातात मूर्ती धरून हलकेच पाण्यात सोडली. ड्रम तेवढा खोल नव्हता, त्यामुळे मुकुट आणि आशीर्वादाचा हात वर राहिला.

त्याच वेळी गावचा एक माणूस रात्रीच्या गाडीनं परत निघणार म्हणून दारात उभा होता. नानांनी त्याला सांगितलं, "भावकीक सांग, विसर्जन झाला." तो गेला. या वाक्यानं पुढे आमची वाट लावली, कारण गावाला एकदा झालं म्हणून कळवलेलं विसर्जन झालं नाही असं नंतर म्हणता येत नाही.

"बाळा," नानांनी मला विचारलं, "तू सायन्स शिकतंस मां? किती येळ लागतलो?"

मी लवूकाकाकडे वळलो. "कशाचा आहे रे काका?"

"पीओपी. मांडवातला विकणारा म्हणाला, एकदम लेटेस्ट."

पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. म्हणजे कॅल्शियम सल्फेट. आणि माझी बारावी चालू होती.

बारावीच्या केमिस्ट्रीत कुठला क्षार पाण्यात विरघळणार आणि कुठला नाही, हे आधीच सांगण्याचे नियम असतात. ते पाठच करावे लागतात, कारण त्यांत न्याय असा काही नाही. नायट्रेट सगळे विरघळतात. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम यांचं काहीही असलं तरी विरघळतं. क्लोराइड विरघळतात, पण चांदी किंवा शिसं भेटलं की हट्टाला पेटतात. कार्बोनेट विरघळत नाहीत. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम ही तीन घरं सोडली तर ते कुठे रमतच नाहीत.

हे सगळं मी आमच्या बिल्डिंगवर बसवून पाठ केलंय. नायट्रेट म्हणजे लवूकाका. त्याला अनोळखी माणसाच्या लग्नात नेऊन सोडा, अर्ध्या तासात तो पंगतीत मठ्ठा वाढत असतो. कार्बोनेट म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले अनंत कर्णिक. कोजागिरीला गच्चीत सगळे एकत्र दूध पितात, तिथे ते स्वतःचा कप घेऊन येतात आणि टाकीमागे जाऊन बसतात. सल्फेट म्हणजे आई. चारचौघांत छान मिसळते, पण ठरावीक दोन-तीन बायका आल्या की घट्ट होते.

त्या दोन-तीन कोण, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. मी म्हणालो, "सल्फेट आहे नाना. संध्याकाळपर्यंत जाईल."

नाना निश्चिंत झाले. त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी मुकुट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुट होता. पीतांबराचा पिवळा रंग तेवढा पाण्यात उतरला होता आणि त्या पिवळ्या पाण्यात बाप्पा अगदी आरामात बसलेला होता, न्हाणीघरात बसावा तसा.

आता खरी पंचाईत सुरू झाली. आमच्याकडे पाहुणा 'येतो' म्हणून उठतो आणि मग दारात उभा राहून तासभर बोलतो. अशा पाहुण्याशी कसं वागायचं हे आईला माहीत आहे. पण निरोप घेतलेला देव दारात उभा राहिला तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. नैवेद्य दाखवायचा का? दाखवला तर तो परत बसला असं होईल. नाही दाखवला तर उपाशी. आईनं मधला मार्ग काढला. तिनं ड्रमजवळ मोदक ठेवले नाहीत, पण गूळखोबरं ठेवलं, जाता जाता हातावर ठेवतात तसं.

"परत काढू आणि रिक्षानं वर्सोव्याला नेऊ," लवूकाका म्हणाला.

"पाण्यात सोडलेलो देव भायर काढूचो नसता," नाना म्हणाले.

"मग एक हातोडी…" लवूकाकाने सुरुवात केली. आईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ते वाक्य गिळलं आणि त्यावर पाणी प्यायला.

त्याच आठवड्यात नानांचं प्लास्टर काढायची तारीख आली. लवूकाका टॅक्सी बोलवायला निघाला तर नाना म्हणाले, "मी येत नाय."

"का?"

"पावणो पाण्यात बसलो हा, आणि मी पाय मोकळो करून फिराक जाव?"

"नाना, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" आई म्हणाली. "सांधे धरतील."

"धरांदेत. आधी तो मोकळो होवंदे, मगे मी."

मी समजावलं, की उत्तरपूजा झाली, आता शास्त्राप्रमाणे ती नुसती मूर्ती आहे.  नाना अगदी हळू म्हणाले, "बाळा, तो गेलोच नाय तर फुडच्या वर्साक येतलो कसो?"

  पुढच्या वर्षी लवकर या असं सगळे ओरडतात. आधी जावं लागतं, हे नाना सोडून कुणी धरलेलंच नव्हतं. आणि नानांना पुढच्या वर्षाची काळजी होती. खाटेवर पडल्यापासून ती जरा जास्तच होती. रात्री त्यांना खोकला आला तरी आई उठून बसायची.

तर आता गोष्ट एवढी सोपी होती. ड्रममधला मुकुट बुडत नाही तोवर नानांचा पाय सुटत नाही.

मी केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन जिन्यात बसलो. वर येणाऱ्या शुभानं पाहिलं. शुभा ही अनंत कर्णिकांची मुलगी, माझ्याच वर्गात, आणि केमिस्ट्रीत तिला माझ्या तिप्पट मार्क. मी तिला सगळं सांगितलं.

"सल्फेट विरघळतात, असं सांगितलंस तू?"

"तसंच दिलंय."

"आणि पुढे?"

"पुढे पान संपतं."

तिनं पान उलटलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बेरियम, शिसं सोडून. कॅल्शियमपुढे लिहिलं होतं: किंचित विद्राव्य.

"किंचित म्हणजे जातो ना पण?"

"लिटरला दोन ग्रॅम. गणपती केवढा आहे?"

"काका म्हणतो हलका आहे."

"बाळा, तुमच्या हलक्या गणपतीला बिल्डिंगची टाकी लागेल. आणि तरी सोंड उरेल."

तरी आम्ही प्रयत्न केला. ड्रममधलं पाणी थोडं थोडं बदलायचं. पण काढलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, देवाचं पाणी. मग लवूकाका बादल्या घेऊन तीन मजले उतरायचा आणि खालच्या माडाला घालायचा. दोन दिवसांत माडाभोवती तळं झालं. मुकुट तसाच. मग मला वाटलं समुद्रात मीठ असतं, म्हणून आईच्या बरणीतलं खडेमीठ ओतलं. मुकुट तसाच, आणि जेवण अळणी.

"विरघळवायचा प्रयत्न सोडून दे," शुभा ड्रमकडे बघत म्हणाली. "जोडी बदल."

"म्हणजे?"

"कॅल्शियमला सल्फेट सोडायला लाव. त्याला कार्बोनेट दिलं की तो कार्बोनेटला जाऊन चिकटतो, खडू होऊन खाली बसतो. मग सल्फेट एकटं उरतं. ते अमोनियमबरोबर जातं."

"आणि अमोनियमबरोबर काहीही विरघळतं."

"एवढं आठवतंय हे खूप झालं. आपल्याला अमोनियमचं कार्बोनेट पाहिजे. बायकार्बोनेट चालेल."

"शुभा, माझी जोडी बदलायची झाली तर मी कुठल्या रकान्यात?"

"तू गाळणीवर राहतोस रे," ती म्हणाली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती पावडर होती, पण गणपतीसाठी पाहिजे असं सांगितल्यावर तिथल्या माणसानं कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. हताश होऊन आम्ही मरोळ नाक्यावरून परत येत होतो. जयंतीभाईंच्या भट्टीवरून जाताना शुभा थांबली. दिवाळीत आम्ही सगळे तूप, साखर, मैदा घेऊन याच भट्टीवर नानखटाई भाजायला जातो. शुभानं हवेत नाक वर केलं. मीही केलं. नाकात झिणझिण्या आल्या. नानखटाई फुगवायला जी पांढरी पावडर घालतात, तिला भट्टीवाले नुसतं अमोनिया म्हणतात.

"जयंतीभाई, अमोनिया द्या ना."

"आत्तापासून नानखटाई?" जयंतीभाई म्हणाले. "कितनी करायची?"

"करायची नाही. विरघळवायचंय."

"शूं? काय?"

"गणपती."

जयंतीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, शुभाकडे पाहिलं, आणि तिच्याकडे पाहून बहुतेक त्यांचा विश्वास बसला. मोठी पिशवी भरून देताना म्हणाले, "पण वास लई मारेल हां. खिडकी उघडी ठेवजो. डोळ्यांतून पाणी येईल."

पिशवी घरी आली. आता प्रश्न असा, की हे खरंच चालतं का, ते आधी बघायला हवं. थेट बाप्पावर प्रयोग करणार कोण? आणि तुकडा काढणार कुठून? आम्ही गॅलरीत कुजबुजत उभे होतो. नानांना ऐकू कमी येतं असं ते सांगतात, पण कुजबुज सगळी ऐकू येते.

"बाळा, माझ्या पायार काय आसा?"

"प्लास्टर."

"कसला?"

मी शुभाकडे पाहिलं. शुभानंच सांगितलं, "प्लास्टर ऑफ पॅरिस, नाना. तेच. कॅल्शियम सल्फेट."

नानांनी ड्रमकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं. आतापर्यंत त्या प्लास्टरला त्यांनी नावं ठेवली होती, माझी फूटपट्टी आत घालून खाजवलं होतं, त्यावर चहाचा कप टेकवला होता. त्यांनी कप उचलून खाली ठेवला.

"म्हंजे दोगांचो माल एकच," ते म्हणाले. "माझा घे."

मांडीजवळची कड आधीच सैल झाली होती. लवूकाकाने नेलकटरनं अलगद एक तुकडा काढला. तो काचेच्या ग्लासात, कोमट पाण्यात टाकला, वर चमचाभर पावडर. बारीक बारीक बुडबुडे येऊ लागले. ग्लास नानांच्या उशाशी ठेवला, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच एखाद्या प्रयोगावर जॉबरची देखरेख झाली. अर्ध्या तासानं ते ओरडायचे, "फेस येता हा." आम्ही सगळे येऊन बघून जायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लासात तळाला पांढरी साय बसली होती आणि पाण्यात बँडेजची नुसती जाळी तरंगत होती. नानांनी ग्लास उजेडात धरला.

"खंय गेला?"

"थोडं खडू होऊन खाली बसलं," मी म्हणालो. "बाकीचं पाण्यात गेलं. त्याचं खत होतं, झाडाला चालतं."

नाना बराच वेळ ग्लास हलवत राहिले. मग त्यांनी शुभाला विचारलं, मला नाही, "त्याका दुखतला काय गो?"

शुभा माझ्यावर हसते, सगळ्यांवर हसते. नानांवर नाही हसली. "नाही नाना. हळूहळू होतं. नुसता फेस येतो."

"गुदगुल्या होतात," मी म्हणालो.

"आणि ही पावडर कसली?"

"नानखटाईतली," आई म्हणाली.

"खावची वस्तू?" नानांचा सगळा जीव भांड्यात पडला. "मगे नैवेद्यच झालो."

आईनं पावडर चांदीच्या ताटात ओतली आणि वर जास्वंदीचं फूल ठेवलं. खुर्ची ड्रमशेजारी आली. पहिली मूठ नानांनी सोडली. मग आईनं, मग लवूकाकाने, मग मी, मग शुभानं. अक्षता टाकतात तसं.

पुढचं जयंतीभाईंनी सांगितलंच होतं. वास उठला. आधी गॅलरीत, मग जिन्यात, मग सबंध बिल्डिंगमध्ये. आमचे सगळ्यांचे डोळे भरून आले आणि वाहायला लागले. आईनं पदर लावला. शेजारच्या सुगंधाकाकू तक्रार करायला नाकाला रुमाल लावून आल्या आणि दारातच थबकल्या. समोर नाना हात जोडून बसलेले, गालांवरून धारा लागलेल्या. आई मुसमुसतेय. लवूकाकासारखा गडी, जो विमानाला ट्रंका चढवतो, तो भिंतीला टेकून डोळे पुसतोय. सुगंधाकाकूंनी तक्रार परत घेतली आणि त्याही रडायला लागल्या. त्यांना पाहून पलीकडची माणसं आली. जो येई तो आधी वैतागलेला असे आणि दोन पावलं आत आला की त्याचा कंठ दाटून येई. कुणीतरी आरती सुरू केली. प्रत्येक कडव्याला खोकला होता, पण आरती पूर्ण झाली.

सर्वांत शेवटी अनंत कर्णिक आले. मुलीला घरी न्यायला आले असावेत. शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. ते ड्रमपाशी आले, आत बघितलं, चष्मा काढला, आणि त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. ते पुसावं असंही त्यांना वाटेना. ते नानांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले.

"माझ्या वडिलांनंतर," ते म्हणाले, "इतका रडलो नव्हतो."

नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी शुभाकडे पाहिलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "कार्बोनेट. तळाशी बसला." मी तिला माझा बिल्डिंगचा तक्ता कधी सांगितला होता, ते मला आठवेना. पण तिला तो पाठ होता. बापासकट.

सगळे गेल्यावर नाना आईला म्हणाले, "इतकी माणसा वर्सोव्याक पण रडली नाय कधी." आईनं खरं कारण सांगितलं नाही. नंतर मला वाटलं, नानांना ते माहीत होतं. त्यांनाही ते सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाप्पा खालून विरघळत गेला तसा वरून बसत गेला. आम्ही मधून मधून मूठभर पावडर सोडत होतो. नाना जागचे हलले नाहीत. जेवण त्यांनी खुर्चीतच केलं, ताट प्लास्टरवर न ठेवता. दुपारी आशीर्वादाचा हात पाण्याला टेकला आणि आत गेला. मग राहिला मुकुट. पाणी दुधासारखं पांढरं झालेलं, त्यावर जास्वंदीचं फूल, आणि त्यात तो मुकुट एकेक रेघ खाली जात होता. भरतीच्या पाण्यात माणूस कमरेएवढा, छातीएवढा जातो तसा.

"वर्सोव्याक लाटा येतत," नाना म्हणाले. "माणसा ढकलतत. हात सुटलो की वळून बघीपर्यंत काय दिसणा नाय. इतक्या वर्सांत पयल्यांदा शेवटपर्यंत बघूक गावलो."

मुकुटाचं टोक गेलं. पाण्यावर एक बारीक बुडबुडा आला आणि फुटला.

"गेलो," नाना म्हणाले. थोड्या वेळानं, आमच्यापैकी कुणालाच नाही, अशा आवाजात, "फुडच्या वर्साक बेगीन ये." मग खुर्चीच्या दांड्यावर हात आपटून जॉबरच्या आवाजात, "लवू, टॅक्सी हाड."

डॉक्टरांनी प्लास्टरची कड पाहिली आणि विचारलं, "हे इथलं कुणी खाल्लं?"

"नातवान टेस्ट केल्यान," नाना म्हणाले. डॉक्टरांनी कापायचं यंत्र काढलं तर नाना त्यांना सांगू लागले, की कशाला करवत लावता, आमचा बाळा आणि ती कर्णिकांची पोर विरघळवून देतील, दोन दिवस लागतात, फक्त डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टर हो हो म्हणाले आणि यंत्र चालू केलं.

सांधे थोडे धरले होते. थोडेच. महिनाभर नाना रोज सकाळी तीन मजले उतरायचे, माडाला हात लावायचे आणि वर यायचे. ड्रममधलं सगळं पाणी आणि तळाचा खडू आम्ही त्याच माडाला घातला होता. त्या माडाला आता पूर्वीपेक्षा जास्त नारळ लागतात. पुढल्या चतुर्थीला माटवीला त्यातलेच टांगले. हूक मजबूत आहे. त्या वर्षी मूर्ती नानांनी स्वतः आणली, पाठीवर नख लावून, आणि नख कसं लावायचं ते लवूकाकाला दाखवलं. काठी न घेता ते वर्सोव्याच्या पाण्यात उतरले. वाळूवर शुभा आणि तिच्याशेजारी अनंत कर्णिक उभे होते, स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन.

मी केमिस्ट्रीत पास झालो. नानांना वाटतं, माझा अंदाज चुकला त्यात माझा दोष नाही, पुस्तकातच चूक होती आणि ती सरकारच्या कानावर घालणं आपलं काम आहे. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, शुभानं शुद्धलेखन तपासलं. अर्ज पुढीलप्रमाणे.

मा. अध्यक्ष, पाठ्यपुस्तक समिती (रसायनशास्त्र) यांस, सविनय सादर. इयत्ता बारावीच्या पुस्तकातील क्षारांच्या विद्राव्यतेच्या तक्त्यात 'कॅल्शियम सल्फेट' या पदार्थासमोर 'किंचित विद्राव्य' असा शेरा छापण्यात आला असून तो अपुरा आहे. तरी सदर ठिकाणी 'घरच्यांनी आग्रह केल्यास विद्राव्य' अशी दुरुस्ती करण्यात यावी, तसेच सदर दुरुस्ती पुढील पानावर न जाता त्याच पानावर येईल याची दक्षता घेण्यात यावी, आणि ती येत्या गणेश चतुर्थीपूर्वी राज्यातील सर्व प्रतींत हस्ताक्षराने करून घेण्यात यावी, ही नम्र विनंती. सोबत पुरावा जोडता येत नाही, कारण सदर घटना घडलेली नाही.